बाईंचं नोएडातलं शेत

डबिंगच्या धंद्यात दिग्दर्शकाचं मुख्य काम म्हणजे पडद्यावरच्या ओठांकडे बघत राहणं. ओठ उघडले की आवाज सुरू, मिटले की बंद. एवढं जुळलं की चॅनेलवाल्यांची बाकी कशाबद्दल तक्रार नसते. आमच्या बाई मात्र पडद्याकडे पाठ करून बसायच्या. खुर्ची उलटी फिरवून, मांडीवर पर्स धरून, डोळे मिटून. नवख्या कलाकाराला वाटायचं, म्हातारीचा डोळा लागला. तो बिनधास्त चार वाक्यं उरकून टाकायचा आणि मग त्या मिटल्या डोळ्यांकडून आवाज यायचा, "खोटं. परत."

एकदा मी धीर करून म्हटलं, "बाई, निदान ओठ तरी बघा ना."

"ओठ त्यागी बघतील," बाई म्हणाल्या. "ओठ बघायला मराठी यावं लागत नाही."

त्यागी म्हणजे आमचे रेकॉर्डिंगवाले. गाझियाबादच्या पलीकडच्या कुठल्याशा गावचे. मराठीचा त्यांना गंध नव्हता, पण बाईंच्या हाताखाली राहून 'खोटं' आणि 'परत' हे दोन शब्द ते इतके उत्तम शिकले होते की बाई बाथरूमला गेल्या तर तेच दिग्दर्शन करायचे. सांगायला वाईट वाटतं, पण फारसा फरक पडायचा नाही.

बाईंचं 'खोटं' स्टुडिओपुरतं नव्हतं. "मॅडम, बस पहुँच ही गया" म्हणणारा कॅबवाला, "शुद्ध तुपातले आहेत" म्हणून लाडू आणणारी शेजारीण, "बाई, तुम्ही अजिबात थकलेल्या दिसत नाही" म्हणणारी मी, सगळ्यांना निकाल एकच. माझा तर त्यांच्याशी लहानपणापासूनचा संबंध. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आम्ही दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात क्वार्टरमध्ये राहायचो. बाईंचे यजमानही तिथेच, आमच्याहून मोठ्या क्वार्टरमध्ये. दर गणपतीत बाई कॉलनीतल्या मराठी मुलांचं नाटक बसवायच्या. मला बोलायचं काम कधी मिळालं नाही, कारण माझं मराठी, बाईंच्या शब्दांत, "सरोजिनी नगरच्या फुटपाथवरून आणलेलं" होतं. म्हणून मला झाड केलं. मी दोन्ही हात वर करून उभी राहिले. बाई विंगेत डोळे मिटून बसल्या होत्या. तरीही म्हणाल्या, "खोटं झाड. परत."

त्या झाडाला मोठेपणी नोएडात अनुवादाची नोकरी लागावी आणि तिथे डबिंग डायरेक्टर म्हणून याच बाई भेटाव्यात, हा माझ्या नशिबाचा भाग. तोपर्यंत त्यांचे यजमान वारले होते, क्वार्टर कधीच सुटलं होतं, आणि बाई गाझियाबादला एका फ्लॅटमध्ये एकट्या राहत होत्या. वय सत्तरीच्या आसपास. नक्की आकडा विचारायची कोणाची टाप नव्हती. थंडीत साडीवर यजमानांचा फुल स्वेटर, पायात स्पोर्ट्‌स शूज, तोंडावर प्रदूषणाचा मास्क. मास्क फक्त कोणाला झापायचं असेल तेव्हा खाली ओढला जायचा, त्यामुळे तो बहुतेक वेळ हनुवटीवरच असायचा. मेट्रोत बसायच्या नाहीत. "जमिनीखालून जाणं मला मान्य नाही." नोएडाची मेट्रो डोक्यावरून जाते, हे बोट करून दाखवलं तरी उपयोग झाला नाही. त्या वर बघायच्याच नाहीत.

परक्या माणसाशी बाई अत्यंत नजाकतीचं हिंदी बोलायच्या. "भाईसाहब, ज़रा मेहरबानी कीजिए" वगैरे. सगळी मेहरबानी तिथेच संपायची आणि उरलेलं मराठी माणसाच्या वाट्याला यायचं. स्टुडिओत हिंदीला बंदी. तोंडातून चुकून 'यार' गेलं की माणसाने बाहेर जायचं, दार वाजवायचं आणि "नमस्कार, आत येऊ का?" म्हणून पुन्हा यायचं. स्वतः मात्र दर दुसऱ्या वाक्याला 'बिल्कुल'. मी एकदा त्यावर बोट ठेवलं, तर म्हणाल्या, "बिल्कुल मराठीच आहे. पेशवे दिल्लीला आले होते तेव्हा घेऊन गेले. दुसरं काही हाती लागलं नसेल."

अशा बाईंच्या हाती ती मालिका पडली.

मालिका विलायतेतली. दुसरं महायुद्ध चालू, पुरुष सगळे आघाडीवर, शेतं ओस पडलेली, म्हणून सरकार शहरातल्या पोरींना गणवेश देऊन खेड्यात धाडतं. कोणी दुकानात लिपस्टिक विकणारी, कोणी टायपिस्ट, कोणी बड्या घरची लाडावलेली. त्या नांगरट करतात, धारा काढतात, बटाटे खणतात, उंदीर मारतात आणि मधल्या वेळात प्रेमात पडतात. हे सगळं मराठीत आणायचं होतं, आणि तेही मुंबईत नाही, नोएडात. मुंबईतली मराठी माणसं चॅनेलला महाग पडत होती. दिल्लीतलं मराठी स्वस्त, जवळजवळ फुकट. हे ऐकून बाईंनी मास्क खाली ओढला होता. पण काम घेतलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी सिद्धांत मांडला. या मालिकेला शोकेसमधले आवाज चालणार नाहीत. इथल्या जुन्या मराठी घरांतल्या बायका, म्हणजे बँकेतल्या, कॉलेजातल्या, डॉक्टरणी वगैरे, यांच्या आवाजाला एसीचा वास येतो.

"मला मातीतल्या बायका पाहिजेत," बाई म्हणाल्या.

"नोएडात?"

"छावणीत."

दिल्लीच्या छावणीत महाराष्ट्रातल्या जवानांची बरीच कुटुंबं राहतात. बाई कोणाच्या तरी ओळखीने तिथल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेल्या, कोपऱ्यातल्या खुर्चीवर डोळे मिटून बसल्या आणि बायकांच्या गप्पा ऐकत राहिल्या. उठताना चार बायका निवडल्या, भाजी निवडावी तशा. टीव्हीवर आपला आवाज येणार म्हटल्यावर त्या चौघी हौसेने तयार झाल्या.

मातीतल्या या चार बायकांपैकी एक कोल्हापूर शहरातली, बी. कॉम., ब्युटी पार्लरचा कोर्स केलेली. दुसरीच्या वडिलांचं नगरच्या बसस्टँडसमोर मोबाइलचं दुकान. तिसरीला गवताची ॲलर्जी होती. चौथी अर्चना. ती मात्र खरोखर सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातली, घरी ऊस, म्हशी, सगळं. बाईंचे डोळे क्षणभर उघडले.

"मग तू लहानपणी धारा काढल्या असशील."

"नाही हो मॅडम. पप्पांनी मला पाचवीतच हॉस्टेलला टाकलं. म्हणाले, पोरीच्या हाताला शेण लागायला नको. मी आमच्या शेतात गेले ते लग्नाआधीचे फोटो काढायला. ड्रोन आणला होता."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "रक्तात असतं," त्या म्हणाल्या. "निघेल."

स्वतः बाईंचा जन्म करोलबागेतला. त्यांनी आयुष्यात शेत पाहिलं होतं ते पुण्याच्या गाडीच्या खिडकीतून, तेही दिवसा जाग असेल तर. पण अज्ञानाने कोणाचा आत्मविश्वास कमी झालाय, असं निदान या गावात तरी मी पाहिलेलं नाही.

मग रक्तातली माती बाहेर काढायचे उपाय सुरू झाले. बाईंनी नर्सरीतून माती मागवली आणि एका मोठ्या प्लास्टिकच्या टबात भरून टब माइकसमोर ठेवला. शेतातला प्रसंग आला की चपला काढून मातीत उभं राहायचं. बटाट्याचा प्रसंग असेल तर वाकून बोलायचं, कारण "उभ्याने बटाटे निघत नाहीत." त्यागींनी माइक गुडघ्यापर्यंत खाली आणला. स्टुडिओचे मालक धावत आले, "मॅडम, कार्पेट इंपोर्टेड है!" बाई हात जोडून म्हणाल्या, "भाईसाहब, आप जैसे क़द्रदान ही तो कला को ज़िंदा रखते हैं." मालक खूश होऊन परत गेले. माती तिथेच राहिली. ॲलर्जीवालीला पहिल्याच दिवशी शिंक आली. बाई डोळे मिटून म्हणाल्या, "ही खरी आहे. ठेवा." त्यागींनी ठेवली. त्या भागात नायिकेची मैत्रीण ओठ घट्ट मिटून खणखणीत शिंकते. चॅनेलने विचारणा केली, तर बाईंनी उत्तर पाठवलं, "तुमच्या नटीला शिंकता येत नाही, त्याला मी काय करू?"

माझ्या भाषांतराचीही अशीच मशागत चालायची. नांगर आणि वखर यांतला फरक मला इंटरनेटने सांगितला होता, आणि बाईंना माझ्याकडून कळला होता. तरी भांडण त्या करायच्या. एका भागात डुक्कर होतं. चॅनेलकडून सूचना आली, आपला प्रेक्षक कौटुंबिक आहे, डुकराचा उल्लेख टाळावा. डुक्कर पडद्यावर चांगलं मध्यभागी उभं होतं, चारही मुली त्याच्याभोवती, आणि सगळं संभाषण त्याच्याबद्दलच. मी दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी बाई म्हणाल्या, "पाहुणे म्हण." आणि त्या भागात सगळ्याजणी "पाहुण्यांना खायला घातलं का?" असं विचारत हिंडतात. त्यावर मात्र चॅनेलची काहीच तक्रार आली नाही.

एका वाक्यावर मात्र बाईंचंच खरं होतं. मालिकेतल्या मुख्य पोरीचा, म्हणजे लिपस्टिक विकणारीचा, नवरा आघाडीवर असतो. ती गोठ्यात धार काढत असताना तारवाला येतो. ती तार वाचते, उठत नाही, रडत नाही, एकच वाक्य बोलते. मी लिहिलं होतं, "मला आधी हे काम पूर्ण करू द्या."

"हे ऑफिसचं मराठी आहे," बाई म्हणाल्या. "ती काय फाइल क्लिअर करतेय?"

मग त्यांनी स्वतः बसून वाक्य केलं. "थांबा. आधी धार काढून होऊ दे. गाय ताटकळलीय."

त्या पोरीचा आवाज अर्चनाचा होता. सुरुवातीला ती भयंकर वाईट बोलायची, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं. पण पोरगी जिद्दीची. बाईंच्या शंभर 'परत'मधून तिचा आवाज हळूहळू सुटत गेला. बाई नसल्या की ती खुर्ची उलटी फिरवून, पर्स मांडीवर घेऊन बाईंची हुबेहूब नक्कल करायची, आणि त्यागी हसून हसून हेडफोन काढून ठेवायचे. तिचा नवरा लष्करात हवालदार, उत्तरेला कुठेतरी सीमेजवळ. कुठे ते तिलाही नीट माहीत नव्हतं. दुपारच्या चहाच्या वेळी त्याचा फोन यायचा. घरचं, मुलीच्या शाळेचं बोलून झालं की त्याचा ठरलेला प्रश्न, "मग, आज त्या पोरींचं काय झालं?" आणि अर्चना त्याला त्या दिवशीची गोष्ट सांगायची. पुढे लिपस्टिकवालीला तार येणार आहे, हेही तिने त्याला सांगून ठेवलं होतं. बाई पाठ करून बसलेल्या, ऐकत नसल्यासारख्या. पण मध्येच म्हणायच्या, "तसं नाही झालं. नीट सांग त्याला."

मग तो आठवडा आला. सीमेवर काहीतरी बिघडलं. नक्की काय, ते आम्हाला कळलं नाही, कारण आमच्या शेजारच्याच इमारतीत एक बातम्यांचं चॅनेल होतं. तिथे युद्ध रोज संध्याकाळी सुरू व्हायचं, सायरन लावून, नकाशे पेटवून, आणि मधे पंख्यांच्या आणि मसाल्यांच्या जाहिराती. तिथले अँकर खाली चहाच्या टपरीवर आमच्याच बाकावर बसायचे. पाच मिनिटांपूर्वी शत्रूची राजधानी बेचिराख करून आलेला माणूस टपरीवाल्याला विनवायचा, "भैया, चीनी कम, शुगर है."

अर्चनाचा फोन वाजायचा बंद झाला. पहिल्या दिवशी ती म्हणाली, रेंज नसेल. दुसऱ्या दिवशी काही म्हणाली नाही. तिसऱ्या दिवसापासून ती फोन सतत हातात धरून बसायची. डबिंगच्या वेळी आवाज नको म्हणून फोन काचेबाहेर, त्यागींच्या टेबलावर ठेवायचा नियम होता. ती तो उलटा न ठेवता सरळ ठेवायची, म्हणजे उजळला तर काचेतून दिसेल.

"घरी राहा ना," मी तिला म्हटलं. "बाईंना मी सांगते."

"घरी राहून काय करू, ताई? सगळ्या मिळून टीव्ही बघत बसतो. इथं निदान टीव्ही माझ्या हातात आहे."

नेमका त्याच आठवड्यात तारेचा भाग डब करायचा होता. आणि मुंबईहून चॅनेलच्या क्रिएटिव्ह माणसाचा व्हिडिओ कॉल आला. हा तिशीतला, हसतमुख, प्रत्येक आपत्तीत संधी दिसणारा प्राणी.

"मॅडम, बाहेर सेंटिमेंट काय चाललंय बघा ना! आणि आपल्याकडे रिअल फौजी वाइफ आहे. तिचा हजबंड ॲक्च्युअली बॉर्डरवर. आणि ती तार येण्याचा सीन डब करते! आपण काही करायचंच नाही. फक्त कॅमेरा ठेवायचा, तिच्या फेसवर. एकदम ऑथेंटिक."

मला वाटलं, आता मास्क खाली येणार. मास्क खाली आलाही. बाईंनी विचारलं, "मी दिसेन का त्यात?"

"ऑफकोर्स, मॅडम! तुम्ही तर गुरू."

"अच्छा," बाई म्हणाल्या. "चालेल."

मी कपाळावर हात मारला. आणि ठरलेल्या दिवशी बाई आल्या त्या मोरपंखी रेशमी साडी नेसून. स्वेटर नाही, मास्क नाही. केसांत मोगऱ्याचा गजरा, आणि ओठांना लिपस्टिक. आयुष्यभर जगाला खोटं म्हणत आलेली बाई रंग लावून, कॅमेऱ्याकडे कोणती बाजू चांगली दिसेल याची चौकशी करत होती. मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

कॅमेरा घेऊन आलेली मुलगी काचेच्या आत, अर्चनापासून हातभर अंतरावर उभी राहिली. क्रिएटिव्ह माणूस त्यागींच्या टेबलावरच्या लॅपटॉपमधून मुंबईहून बघत होता. अर्चना चपला काढून मातीत उभी राहिली. बाईंनी खुर्ची फिरवली, पदर नीट केला, डोळे मिटले.

पडद्यावर सायकल आली. तारवाला गोठ्याच्या दारात थांबला. पोरीने पाकीट फोडलं. ओठ हलले.

"थांबा," अर्चना म्हणाली.

आणि थांबली. पुढचं वाक्य आलं नाही. पडद्यावरची पोर बोलून मोकळी झाली, धार काढायला लागली, आणि अर्चना तशीच उभी. तिची नजर पडद्यावर नव्हती. ती काचेतून टेबलावरच्या फोनकडे बघत होती. आम्हीही सगळे फोनकडे बघायला लागलो. फोन काळाच.

"रोलिंग ठेवा, रोलिंग ठेवा," लॅपटॉपमधून कुजबुज आली. "हेच पाहिजे. अजून क्लोज जा."

कॅमेरेवाली एक पाऊल पुढे सरकली. अर्चनाचे डोळे भरले होते. त्यागींचं बोट बटणावर होतं, आत आवाज देण्याच्या. बाईंचे ते दोन शब्द कधीही येतील म्हणून आम्ही वाट बघत होतो.

बाईंनी डोळे उघडले. खुर्ची सरळ केली आणि काचेतून आत बघितलं. बराच वेळ. मग उठल्या, दार ढकलून आत गेल्या.

"बाहेर हो," त्या अर्चनाला म्हणाल्या. "चहा घे जा."

"मॅडम, करते मी. एक मिनिट द्या फक्त."

"बाहेर हो म्हणते ना. तुला बिल्कुल जमत नाहीये. फार वाईट करतेयस."

अर्चनाच्या डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे आटलं. ती रागाने लाल झाली, चपलाही न घालता बाहेर आली, फोन उचलला आणि मातीच्या पावलांनी त्या इंपोर्टेड कार्पेटवरून तरातरा निघून गेली.

बाई कॅमेरेवालीकडे वळल्या. "बेटा, ज़रा मेहरबानी कीजिए. इसे बंद कर दीजिए."

"नाही नाही, मॅडम," लॅपटॉप ओरडला, "आता तर खरा मोमेंट..."

बाई बाहेर आल्या आणि चिवड्याच्या डब्याचं झाकण लावावं तसा लॅपटॉप मिटून टाकला. मग पुन्हा आत गेल्या. स्पोर्ट्‌स शूज काढले, मोरपंखी साडी पोटरीपर्यंत वर धरली आणि टबात उभ्या राहिल्या.

"त्यागीजी, लगाइए."

सायकल आली. तारवाला थांबला. आणि बावीस वर्षांच्या त्या गोऱ्या पोरीच्या तोंडून सत्तरीच्या घोगऱ्या, नाटकी आवाजात बाई म्हणाल्या, "थांबा! आधी धार काढून होऊ दे! गाय ताटकळलीय!" डोळे मिटलेलेच, त्यामुळे पोरीचे ओठ मिटल्यावर निम्मं वाक्य आलं. गणपतीतल्या नाटकात राजमाता बोलते, तसं.

त्यागींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. मग कर्तव्यदक्ष माणसाने बटण दाबलं आणि चाचरत म्हटलं, "मॅडम... खोटं. परत?"

"बिल्कुल नाही," आतून उत्तर आलं. "झालं. पुढचा सीन लावा."

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर कॅबने गाझियाबादपर्यंत गेले. इंदिरापुरमच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. बाई गजरा काढून पर्समध्ये कोंबत होत्या.

"बाई, तिला अजून थोडा वेळ दिला असता तर तिने केलं असतं," मी म्हटलं.

"केलं असतं. मला ऐकू येत होतं. फार खरं आलं असतं गं."

"मग?"

बाईंनी पर्सची चेन ओढली.

"मग मी 'परत' म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "मला सवय आहे. खरं आलं की आणखी खरं पाहिजे असतं मला. आणि ती पोर करत राहिली असती."



अर्चनाच्या नवऱ्याचा फोन त्यानंतर काही दिवसांनी आला. सुखरूप होता. त्यांना फोन वापरायची मनाई होती, एवढंच. अर्चना सांगत होती, आधी मुलीची चौकशी, आणि मग लगेच, "ती तार आली का गं त्या पोरीला?" तिने सांगितलं, सुट्टीवर याल तेव्हा टीव्हीवरच बघा.

बाईंचं काम मात्र गेलं. चॅनेलला लॅपटॉपचा अपमान फार लागला. पुढचे भाग मुंबईला गेले. पण तारेचा भाग प्रसारणाला इतका जवळ आला होता की पुन्हा डब करायला वेळ नव्हता. तो तसाच गेला. बाविशीची पोर पूर्ण भागात अर्चनाच्या कोवळ्या आवाजात बोलते आणि तार हातात आली की पन्नास वर्षांनी म्हातारी होते. एका समीक्षकाने लिहिलं की दुःखाने स्त्रीचा आवाज एका क्षणात वृद्ध होतो, हे दाखवणारा इतका धाडसी ध्वनिप्रयोग मराठीत पूर्वी झाला नव्हता. चॅनेलच्या क्रिएटिव्ह माणसाने ते कात्रण स्वतःच्या नावाने सगळीकडे टाकलं.

तो भाग लागला त्या दिवशी अर्चनाने बाईंना आणि मला छावणीतल्या तिच्या क्वार्टरवर बोलावलं. खोली बायकांनी भरलेली, पोरं पायात लुडबुडतायत, पोह्यांच्या बशा फिरतायत. अर्चनाचा नवरा नेमका सुट्टीवर आलेला. बारीकसा, लाजाळू माणूस, दाराशी पाटावर बसून होता. बाईंना मानाची खुर्ची, टीव्हीच्या बरोबर समोर. खुर्ची फिरवायला जागाच नव्हती, त्यामुळे बाईंना पहिल्यांदाच पडदा बघावा लागला.

सायकल आली. पोह्यांच्या बशा फिरायच्या थांबल्या. गेल्या महिन्यात यातल्या प्रत्येकीने फोन सरळ ठेवून दिवस काढले होते. पोरीने पाकीट फोडलं, मान वर केली आणि तोंड उघडलं.

"थांबा! आधी धार काढून..."

कोल्हापूरवाली सगळ्यात आधी हसत सुटली. तिच्यामागोमाग ॲलर्जीवाली. मग सगळी खोली. एकमेकींच्या अंगावर पडून, बशा सांडत, पोटं धरून बायका हसत होत्या. अर्चना तर भिंतीला टेकून खालीच बसली, तिला बाईंकडे बोट दाखवण्यापलीकडे काही सुचेना. दाराशी तो हवालदार एकटा मान पुढे काढून वैतागला होता, "ए, गप बसा की जरा! काय म्हणाली ती? काय झालं तिच्या नवऱ्याचं?" त्यावर बायका आणखी हसल्या.

बाई खुर्चीत ताठ बसून होत्या. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. भाग संपल्यावर उठल्या, सगळ्यांना नमस्कार केला, अर्चनाच्या मुलीच्या गालाला हात लावला आणि निघाल्या.

मी त्यांना छावणीच्या फाटकापर्यंत सोडायला गेले. मागे क्वार्टरमधून अजून हसण्याचा आवाज येत होता. बऱ्याच अंतरावर आल्यावर बाई थांबल्या.

"फार वाईट झालंय ना गं?"

त्यांच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो बाई," मी म्हटलं. "इतकं वाईट मी कधीच ऐकलं नाही."

"हं," बाई म्हणाल्या. "मग बरं झालं." आणि रिक्षाला हात करत पुढे गेल्या.